गिऱ्हाईक कोणत्या खान्यात हात घालते?

माल नाही म्हणून जेवढे गिऱ्हाईक परत जाते, त्याहून जास्त गिऱ्हाईक माल असूनही सापडला नाही म्हणून परत जाते, असे माझे मत तीस-बत्तीस वर्षे कापडाच्या गादीवर बसून बनले आहे. दुकानात हे नुकसान फारसे दिसत नाही, कारण तिथे आपण स्वतः हजर असतो. बाई उंबऱ्यातूनच "भाचीच्या लग्नात द्यायला काही दाखवा" म्हणते. तिने पातळ म्हटलेले नसते, ब्लाऊजपीस म्हटलेले नसते, किंमतही सांगितलेली नसते, तरी आपला हात बरोबर त्या थप्पीकडे जातो. फळ्यांची मांडणी आपल्याच सोयीची असली तरी चालते, कारण शोधणारे आपणच असतो.

मोबाईलवर हा सगळा कारभार उलटा होतो. तिथे आपण नसतो. तिथे खाने असतात आणि खान्यांवर लिहिलेली नावे असतात. शोधण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. त्याने भलत्याच खान्यात हात घातला तर "अहो, तिकडे नाही, इकडे" असे म्हणणारा कोणी नाही, आणि ते रिकाम्या हाताने परत गेले हेही आपल्याला कळत नाही. आपले कितीतरी व्यापारी बांधव आज आपला माल मोबाईलवर चढवत आहेत. कोणी व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर, कोणी मोठ्या कंपन्यांच्या बाजारात, कोणी स्वतःचे ॲप करून घेऊन. फोटो काढणाऱ्याला, रंगसंगती करणाऱ्याला हजारो रुपये दिले जातात. खान्यांच्या नावांवर मात्र अर्धा तासही खर्च होत नाही. ती नावे कुठल्या तरी मोठ्या कंपनीची पाहून उतरवून घेतली जातात. मीही तेच केले होते, म्हणून हे लिहितो आहे.

माझे घाऊक दुकान चंद्रपुरात आहे आणि आमचे जुने खातेदार दक्षिणेला आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागात पसरलेले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, पण उधारीची वही काही वेगळी झाली नाही. भामरागड म्हणजे त्या जिल्ह्याचे शेवटचे टोक, पलीकडे छत्तीसगड. आलापल्लीपासून जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटरची वाट. गावाच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते, जिथे बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात, आणि पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा जगाशी संबंध तुटला, असे कित्येक पावसाळ्यांत घडलेले आहे. तिथल्या दुकानदाराला माल भरायला चंद्रपूरला यायचे म्हणजे दोन दिवस दुकान बंद. म्हणून माझ्या भाच्याने सुचवले की आपण मोबाईलवर मालाची यादी करू, खातेदार घरबसल्या मागणी नोंदवतील, आपण गाडीने माल पाठवू. विचार चांगला होता. मी होकार दिला.

भाच्याने यादी तयार केली. मेन्स वेअर, विमेन्स वेअर, किड्स, एथनिक, होम फर्निशिंग आणि ॲक्सेसरीज असे सहा मोठे खाने, प्रत्येकाच्या पोटात लहान खाने. दिसायला इतकी सुंदर की मी माशाअल्लाह म्हणून मोकळा झालो. आमचे जुने दिवाणजी शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा सारखा करून विचारले, "यात लठ्ठा कुठे आहे?" भाचा म्हणाला, "फॅब्रिकमध्ये जायचे, मग कॉटन, मग प्लेन." दिवाणजी म्हणाले, "रात्री दोन वाजता कोणाच्या घरी मय्यत झाली, तर तो माणूस प्लेन कॉटन म्हणून शोधेल का?"

भाच्यापाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. आमच्या दुकानात कफनाचा लठ्ठा खालच्या फळीवर उजव्या हाताला असतो. अब्बांच्या काळापासून ती जागा बदललेली नाही, कारण दिवे गेलेले असले तरी तो हाताला लागला पाहिजे. मोबाईलमध्ये आम्ही तो तीन दरवाजांच्या आत ठेवला होता.

भाचा हुशार आहे. त्याने दोन-तीन दिवस शोध घेऊन सांगितले की ही अडचण जगभर सगळ्यांना येते आणि तिच्यासाठी एक परीक्षा आहे, तिला ट्री टेस्टिंग म्हणतात. ट्री म्हणजे झाड. मोठा खाना म्हणजे फांदी, त्याच्या आतला लहान खाना म्हणजे डहाळी, आणि शेवटी माल. माणसाला फक्त नावांचे झाड दाखवायचे, चित्र नाही, रंग नाही, शोधायची पट्टी नाही, आणि त्याला एखादी वस्तू शोधायला सांगून तो कोणत्या फांदीवर चढतो ते बघायचे. ऑस्ट्रेलियातील डोना स्पेन्सर यांनी २००३ साली ही परीक्षा साध्या कागदी कार्डांवर कशी घ्यायची ते लिहून दाखवले. त्याच्याही आधी, १९९४ साली, अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीने आपल्या अंतर्गत माहितीचे खाने पाडताना माणसांच्या हाती कार्डे देऊन, कोणते कार्ड कोणत्या चित्राखाली ठेवाल असे विचारले होते. एवढी मोठी कॉम्प्युटरची कंपनी, आणि काम केले पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर! हे ऐकून मला धीर आला. पुठ्ठ्याची आपल्याकडे काय कमी? शर्टाच्या खोक्यांतले पुठ्ठे कापून आम्ही कार्डे केली. एका कार्डावर सहा नावे, आणि प्रत्येक नावाचे वेगळे कार्ड, त्यावर आतली नावे. ती पिशवीत घालून आठवडी बाजाराच्या दिवशी मी भामरागडला आमच्या खातेदाराच्या दुकानात जाऊन बसलो.

भाच्याने तीन अटी घातल्या होत्या. माल दाखवायचा नाही. जी वस्तू शोधायला सांगायची तिचे नाव घ्यायचे नाही, उपयोग सांगायचा, कारण नाव घेतले की माणूस फक्त अक्षरे जुळवतो. आणि शोधणारा अडला तरी मामूने तोंड उघडायचे नाही. पहिल्या दोन अटी पाळता आल्या. तिसरी मला फार जड गेली. व्यापाऱ्यासमोर गिऱ्हाईक चुकीच्या फळीकडे बघते आहे आणि व्यापारी गप्प बसला आहे, हे आपल्या रक्तात नाही. दोन वेळा मी बोललोच. त्या दोघांची उत्तरे बाद करावी लागली.

पहिला प्रश्न होता, "उन्हात डोक्याला बांधायला, घाम पुसायला, खांद्यावर टाकायला कापड हवे आहे, कुठे मिळेल?" आपल्या विदर्भात याला दुपट्टा म्हणतात आणि तो पुरुष वापरतात, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. आमच्या यादीत दुपट्टा बायकांच्या सलवार-सूटच्या पोटात बसलेला होता, कारण ज्या कंपनीची यादी भाच्याने उतरवली तिने तो तिथे बसवला होता. शेतकरी माणूस, सत्तरीचा, त्याने मेन्स वेअर वाचून घेतले. त्याच्या आत शर्ट, पँट, बनियन. परत आला. मग ॲक्सेसरीजवर बोट ठेवून विचारले, "हे मोटरसायकलच्या दुकानावर असते ते ना?" शेवटी कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाला, "नाही दिसत शेठ, संपला असेल."

हे शेवटचे वाक्य मला फार लागले. माल खचाखच भरलेला आणि माणूस म्हणतो संपला असेल. तो आपल्या मांडणीला दोष देत नाही, तक्रार करत नाही, फोन करत नाही. मग व्यापारी वर्षाअखेर म्हणतो की मोबाईलवर धंदा होत नाही.

एथनिक हा खाना जवळजवळ कोणीच उघडला नाही. तिथल्या शाळेतले एक गुरुजी तेवढे थबकले आणि म्हणाले, "हे आदिवासींसाठी वेगळे काढले आहे का?" मुंबईत शेरवानी-कुर्त्याला जो शब्द लावतात तो माडिया लोकांच्या मुलखात वाचला की असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ मुळात चुकीचा तरी कसा म्हणावा? मी उत्तर दिले नाही. होम फर्निशिंग म्हणजे टेबल-खुर्ची असे बहुतेकांनी धरले, त्यामुळे चादरी तिथेच पडून राहिल्या. ज्यांनी तो खाना उघडला त्यांचीही आत पंचाईत झाली, कारण आत बेडशीट आणि ब्लँकेट असे दोन भाग होते, आणि आपल्याकडे सोलापुरी चादर लोक पांघरतातही आणि अंथरतातही. तिला बेडशीट म्हणावे की ब्लँकेट, हे मला स्वतःला आजही सांगता येत नाही.

एक चूक माझीही सांगतो. बाजाराला आलेल्या माडिया बायकांना विचारायचे होते, पण मला त्यांची भाषा येत नाही. दुकानदाराचा मुलगा दुभाषा झाला. मी म्हणालो, "थंडीत अंगावर घ्यायला काही हवे, असे विचार." त्याने काय विचारले ते मला कळले नाही, पण त्यात चादर हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. पोराने प्रश्नातच उत्तर घालून दिले होते. त्या बायकांनी काय उत्तरे दिली त्याला मग काही किंमत उरली नाही. हिंदीत किंवा मराठीत यादी करून आपण सगळ्यांपर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या सरकारी साहेबांनी आणि कंपन्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यायला हरकत नाही.

परत येऊन आम्ही खाने मोडले. नवीन नावे अशी: पुरुषांचे, बायांचे, पोरांचे, पांघरायचे-अंथरायचे, डोक्या-खांद्यावरचे, लग्नाचे देणेघेणे आणि मीटरवरचे कापड. दुपट्टा आम्ही दोन ठिकाणी ठेवला, पुरुषांच्या खान्यातही आणि डोक्या-खांद्यावरच्यातही. दुकानात एक ताका एकाच फळीवर राहू शकतो, मोबाईलमध्ये तो दोन फळ्यांवर राहतो आणि भाडे लागत नाही. हा फायदा आपण घेतला पाहिजे. अर्थात सगळा माल सगळीकडे ठेवला तर पुन्हा गोंधळ, तेव्हा दोनाहून जास्त जागा शक्यतो नकोत.

दुसऱ्या खेपेला बरेच लोक न अडखळता पोहोचले. पण एक नवाच घोटाळा निघाला. लग्नाचे देणेघेणे या खान्याने सगळ्यांना ओढून घेतले. लहान मुलाचा सदरा शोधणारासुद्धा आधी तिकडे जाऊ लागला, कारण घरात लग्न नाही असे घर उन्हाळ्यात सापडते कुठे? ते नाव पुन्हा बदलावे लागले. दिवाणजींच्या आग्रहावरून आम्ही कफनाचा वेगळा खाना पहिल्याच पानावर ठेवला होता. भामरागडचे दुकानदार म्हणाले, "शेठ, सकाळी दुकान उघडून मोबाईल काढला की पहिले तेच दिसावे का?" त्यांचेही खरे होते. आता मीटरवरच्या कापडात पहिल्याच ओळीला लठ्ठा-कफन असे लिहिले आहे. दोन दरवाजे. दिवाणजींना अजून ते पटलेले नाही.

मी उर्दू शाळेत शिकलो, तेव्हा ही अडचण मला नवीन वाटायला नको होती. उर्दू शब्दकोशात शब्द शोधायचा तर आधी त्याचे हिज्जे यावे लागतात. स आवाजाला तीन हरफ आहेत, से, सीन आणि स्वाद. ज़ आवाजाचे त्याहून जास्त, ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. कानाने शब्द ऐकलेला पोरगा फीरोज़ुल्लुग़ात उघडून सीनमध्ये शोधतो, शब्द असतो स्वादमध्ये, आणि पोरगा म्हणतो की हा शब्द या किताबीत नाही. म्हणजे "संपला असेल" हेच. ज्याला शब्द आधीच येतो त्यालाच तो सापडतो.

आपल्या बुजुर्गांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. इमाम अहमद (रह.) यांच्या मुस्नदमध्ये हदीसा सहाबांच्या नावांनुसार लावलेल्या आहेत. ज्या आलिमाला रावी ठाऊक आहे त्याला ती मांडणी उत्तम. पण तुमच्या-माझ्यासारख्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीचा एखादा मसला बघायचा असेल तर तो तिथे कुठून सुरुवात करणार? बुखारी शरीफ उघडली की किताबुल बुयू हा भागच वेगळा मिळतो, त्यात व्यापाराचे बाब एकामागून एक. दोन्ही मांडण्या विद्वानांच्याच, फक्त शोधणारा वेगळा. बगदादच्या इब्न नदीम यांनी ३७७ हिजरीत, म्हणजे इसवी सन ९८७-८८ च्या सुमारास, अल-फिहरिस्त ही किताबांची यादी दहा मकाल्यांत विभागून केली. ते किताबांच्या धंद्यातले होते, बाप-लेक दोघेही वर्राक. गिऱ्हाईक काय विचारत येते हे रोज ऐकणाऱ्या माणसाने यादी केली की तिला वेगळी चव येते, असे मला वाटते. आपल्या देशात एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे.

आता सरकारी खान्यांकडे वळतो, कारण तिथे चुकले तर नुसते गिऱ्हाईक जात नाही, पैसा जातो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आपल्याला एचएसएन नंबर लिहावे लागू लागले. हे झाड मुळात जगभरच्या कस्टमवाल्यांसाठी बनवलेले, १९८८ पासून चालू. त्यात कापडाची प्रकरणे ५० ते ६३. कस्टमचा साहेब आधी विचारतो, धागा कोणता? म्हणून रेशीम ५० मध्ये, सूत ५२ मध्ये, कृत्रिम धागा ५४ आणि ५५ मध्ये. शिवलेले तयार कपडे ६१ आणि ६२ मध्ये. आता दुकानातल्या नवीन पोराला साडीचा नंबर शोधायला सांगा. तो तयार कपड्यांत जाऊन बायकांच्या पोशाखांत शोधेल. साडी तिथे नाही. साडी शिवलेली नाही म्हणून ती कापडात मोडते आणि धाग्याप्रमाणे निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के कर आहे आणि कापडाला ५ टक्के. समजा, आरमोरी-नागभीडकडची टसरची साडी सहा हजारांना विकली. कापडात धरली तर कर ३०० रुपये. पोराने तयार कपड्यात घातली तर १०८०. हे ७८० रुपये कोणाच्या खिशातून जाणार? एकतर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, नाहीतर पुढे हिशोब निस्तरताना आपली झोप जाईल.

कारागिरांचे तर याहून कठीण आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. औजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज. चांगली योजना आहे, आपल्या लोकांनी घ्यावी. पण तिच्यात अठरा धंद्यांची यादी आहे आणि माणसाला त्यात स्वतःला शोधावे लागते. शिंपी आहे, लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. पिंजारी नाही, रंगारी नाही, रफूगर नाही. विणकरही नाही, त्याच्यासाठी वेगळ्या योजना आहेत असे सांगतात. गादीतला कापूस पिंजून पुन्हा भरणारा मन्सुरी भाई सेवा केंद्रात जातो, पोरगा पडद्यावर यादी वरखाली करतो आणि म्हणतो, "चाचा, शिंपी लिहू का?" चाचा हो म्हणतात. मग पडताळणीला माणूस आला की विचारतो, मशीन कुठे आहे? इथे नाव चुकलेले नाही, इथे खानाच नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. यादी जाहीर करण्याआधी पंचवीस-तीस कारागिरांच्या हाती ती देऊन "तुमचे काम यात कुठे बसते ते दाखवा" एवढेच विचारले असते तर कोणती नावे बदलायची आणि कोणते खाने वाढवायचे, दोन्ही कळले असते. उद्यम नोंदणीचेही तेच. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून तिथे पुन्हा जागा मिळाली, तीही फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, पण शिवून विकणारा दुकानदार उद्योगाच्या १४ क्रमांकात बसतो की किरकोळ विक्रीच्या ४७ क्रमांकात, हे त्याला समजावून सांगणारे कोणी नाही.

खाना चुकल्यावर काय होते हे गडचिरोलीला कोणी शिकवायला नको. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू झाडात बसवलेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपजात धरला. झाड म्हटले की मालकी वनखात्याची, गौण वनोपज म्हटले की गावाची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने यावर लढा दिला आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक दिले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघायला २०१७ साल उजाडले. एका शब्दाच्या जागेसाठी नव्वद वर्षे.

भाच्याचे म्हणणे निराळे आहे. तो म्हणतो, "मामू, आता लोक खाने उघडतच नाहीत. मोबाईलला तोंडाने बोलतात आणि तो शोधून देतो." काही अंशी हे खरे आहे, आणि पाच-दहा वर्षांत आणखी खरे होईल. पण बोलून शोधायलाही नाव ठाऊक असावे लागते. भामरागडचा माणूस दुपट्टा म्हणेल आणि मोबाईल त्याला जरीच्या ओढण्या दाखवेल, कारण मोबाईलला ज्याने शिकवले त्याच्या घरी दुपट्टा म्हणजे ओढणी. मी स्वतः एकदा एका ॲपवर जानमाज शोधली तर योगासनांच्या सतरंज्या पुढे आल्या. शिवाय गिऱ्हाइकाला काय हवे हे पुष्कळदा बघितल्यावर ठरते. ते बाजारात चालत जाते, थांबते, हात लावते. खाने हा त्याचा बाजार आहे. आणि कराच्या पावतीवर किंवा योजनेच्या अर्जात तोंडाने बोलून चालत नाही, तिथे नेमका नंबरच लागतो.

आपल्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. माल सापडू न देण्याची कलासुद्धा आपल्या धंद्यात आहे. स्वस्त पॉपलीन मागच्या फळीवर, महाग पुढे. गिऱ्हाईक विचारील तेव्हाच स्वस्त काढायचे. मोठ्या कंपन्या मोबाईलवर हेच करतात, फक्त त्याला सुंदर नावे देतात. ऐब लपवणे हराम आहे हे आपण सगळे जाणतो. स्वस्त माल लपवण्याविषयी मी फतवा देणारा कोण? पण पुठ्ठे घेऊन बसलेल्या व्यापाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे की गिऱ्हाइकाला माल सापडावा असे त्याला खरोखर वाटते का. नसेल वाटत तर या परीक्षेत वेळ घालवू नये.

ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. खर्च जवळजवळ नाही. आठ-दहा प्रश्न पुरेत, त्याहून जास्त विचारले की माणूस कंटाळून काहीही बोट ठेवतो. प्रत्येकाचे पहिले बोट कुठे पडले, तो मागे किती वेळा फिरला आणि शेवटी बरोबर जागी पोहोचला का, एवढ्या तीनच गोष्टी वहीत लिहाव्या. पहिले बोट सर्वांत जास्त बोलते. मोठ्या चुका पाच-सहा माणसांतच उघड्या पडतात. शंभरात किती पोहोचले असा हिशोब काढायचा असेल तर पन्नासच्या आसपास माणसे लागतात, असे या कामातले जाणकार सांगतात. घरच्यांना आणि नोकरांना विचारू नये, त्यांना तुमच्या फळ्या पाठ असतात. आणि जो माणूस तुम्हाला खूश करायला "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणतो, त्याला चहा पाजून सोडून द्यावे.

भामरागडच्या खातेदाराची मोबाईलवरची पहिली मागणी आता आली आहे, दोन गठ्ठे चादरी आणि दुपट्टे. भाचा पुढच्या महिन्यात सिरोंच्याला जाणार आहे. तिकडे गिऱ्हाईक तेलुगू बोलते. आमच्या "पांघरायचे-अंथरायचे"चे तिथे काय होते ते बघायचे आहे, आणि दिवाणजी आतापासूनच शर्टाची खोकी जपून ठेवत आहेत.